रतनवाडी ते हरिश्चंद्रगड: तंबू घेऊन निघण्याआधीची तयारी आणि पहिले दोन दिवस

मुक्कामी ट्रेकचा आराखडा पाण्यावरून आखायचा, हे एकदा मनात पक्कं बसलं की बाकीची निम्मी तयारी मार्गी लागते. एका दिवसाच्या ट्रेकला दोन बाटल्या भरून घेतल्या की भागतं. मुक्काम म्हटला की संध्याकाळचा स्वयंपाक, रात्रीचं पिणं, सकाळचा चहा आणि पुढच्या टप्प्याचा साठा हे सगळं एकाच जागी मिळावं लागतं. म्हणून नकाशा उघडला की मी आधी पाणी शोधते, मग मुक्काम ठरवते आणि रोज किती चालायचं हे सगळ्यात शेवटी बघते. नवखे बहुतेक जण उलटं करतात. आधी अंतराचे सारखे तुकडे पाडतात आणि संध्याकाळी कोरड्या ओढ्याच्या काठी येऊन उभे राहतात.

इथे उदाहरणाला रतनवाडी ते हरिश्चंद्रगड हा मार्ग घेतला आहे. अकोले तालुक्यातला हा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मधे कात्राबाईची खिंड, दाट झाडी, कुमशेतसारखी आडवाटेची गावं आणि बराच वेळ मोबाइलची रेंज नाही. पहिल्या मोठ्या मुक्कामी ट्रेकसाठी मला हा मार्ग फार योग्य वाटतो, कारण तो दुर्गम असूनही दर मुक्कामाला एखादं गाव हाकेच्या अंतरावर ठेवता येतं.

चार दिवसांची आखणी

अनुभवी मंडळी हा मार्ग तीन दिवसांत करतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चार दिवस धरावेत. पहिल्या दिवशी रतनवाडीत सामान ठेवून हलक्या सॅकने रतनगड करायचा आणि गावातच मुक्काम. दुसऱ्या दिवशी कात्राबाई खिंड ओलांडून कुमशेत; ओझ्यासह पाच ते सहा तास. तिसऱ्या दिवशी पेठेच्या वाडीवरून पाचनई, तीन-चार तासांची चाल. ताकद आणि उजेड शिल्लक असेल तर त्याच दिवशी हरिश्चंद्रगड, नसेल तर पाचनईतच राहायचं. चौथ्या दिवशी गडावरून तोलार खिंडीमार्गे खिरेश्वरला उतरायचं आणि खुबी फाट्यावर माळशेजच्या रस्त्याला लागायचं.

स्वतःची वेळापत्रकं बनवताना एक साधा हिशेब ठेवा: ओझं घेऊन सपाटीवर तासाला तीन किलोमीटर, आणि चढ असेल तर दर ३०० मीटर उंचीला वेगळा एक तास. आलेल्या आकड्यात विश्रांतीसाठी चौथा हिस्सा मिळवा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या पूर्वेच्या कुशीत त्याच्याही आधी अंधारून येतं. तेव्हा मुक्कामाच्या जागी चारपर्यंत पोहोचता येईल अशीच चाल आखा. तंबू लावणं, पाणी आणणं, स्वयंपाक ही कामं उजेडात उरकली तर थकवा जाणवत नाही.

पाणी कुठे, का आणि कधीपर्यंत

हा भाग सबंध महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यात मोडतो आणि तरीही हिवाळ्याच्या शेवटी इथे पाण्याची ओढ लागते. कारण पायाखालच्या दगडात आहे. काळा बेसॉल्ट पाणी फारसं मुरवून ठेवत नाही. पावसाळ्यात जेवढं पडतं त्यातलं बरंचसं तसंच वाहून जातं. म्हणून तर गडावर कातळात टाकी खोदावी लागली.

आता या मार्गाची रचना पाहा. रतनवाडी प्रवरेच्या खोऱ्यात आहे. प्रवरा रतनगडावरच उगम पावते आणि खाली भंडारदऱ्याच्या, १९२६ साली पूर्ण झालेल्या धरणात अडते. कुमशेत मात्र मुळेच्या खोऱ्यात. या दोन्ही नद्या पुढे नेवासे तालुक्यात एकत्र येतात, पण इथे त्यांच्या मधोमध कात्राबाईची रांग उभी आहे. म्हणजे खिंड हा पाणी दोन्हीकडे वाटून देणारा माथा आहे. अशा माथ्यावर वाहतं पाणी मिळण्याची आशाच धरू नये. जो काही ओढा मिळेल तो चढाच्या खालच्या भागात किंवा पलीकडे बरंच उतरल्यावर. हे कळलं की दुसऱ्या दिवशी किती पाणी उचलायचं हा प्रश्न सुटतो: माणशी तीन लिटर, आणि ते रतनवाडीतच भरून. तीन लिटर म्हणजे तीन किलो, तेव्हा बाकीचं ओझं हलकं करण्याची सुरुवात घरी करावी लागते.

नकाशावरची निळी रेघ बारमाही पाण्याची हमी नव्हे. जाण्याच्या आठवड्यात गावात फोन करून विचारा, तिथे पोहोचल्यावर पुन्हा विचारा. प्रश्न नेमका हवा. "वाटेत पाणी आहे का?" याला उत्तर "आहे की!" असं येतं. "मामा, काल-परवा खिंडीकडे कोण गेलं होतं? ओढ्याला पाणी वाहतंय की नुसतं डबकं आहे?" असं विचारलं तर खरी माहिती मिळते.

टाक्याचं आणि ओढ्याचं पाणी कितीही निवळशंख दिसलं तरी आधी फडक्यातून गाळा, मग एक मिनिट खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. टाक्यात हात-पाय धुऊ नका, भांडी बुडवू नका. त्यातलं पाणी पुढचा पावसाळा येईपर्यंत गुराखी, पाहुणे आणि जनावरं सगळ्यांना पुरवायचं असतं.

यावरूनच हंगाम ठरतो. दिवाळीनंतर ते संक्रांतीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. त्याआधी परतीच्या पावसाची गडगडाटी वादळं गाठू शकतात. फेब्रुवारीपासून पाणी आटतं, वाळलेल्या गवताला वणव्याची भीती असते आणि ऊन भाजून काढतं. जून ते सप्टेंबर हा मार्ग तंबूसह करू नये. ओढे तासाभरात चढतात, धुक्यात वाट दिसत नाही आणि ओलं सामान सुकत नाही.

परवानगी आणि घरी ठेवायचा कागद

अभयारण्यात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर नोंद आणि शुल्क असतं. तंबू कुठे लावता येईल, गडावर मुक्कामाला मुभा आहे का, हे तिथेच स्पष्ट विचारून घ्या. नियम बदलत असतात. माझ्या आखणीत पहिले मुक्काम गावांलगत ठेवले आहेत त्याचं हेही एक कारण. गावात कोणाच्या अंगणात किंवा कापणी झालेल्या खाचरात तंबू टाकायचा तर मालकाला विचारून, आणि जेवणाखाण्याचे, जागेचे पैसे आधी बोलून घ्यावेत.

घरी एका माणसाकडे कागद द्या. त्यावर सगळ्यांची नावं, घरचे फोन, रक्तगट, रोजचा मार्ग, मुक्कामाची गावं आणि एक ठरलेली वेळ लिहा: "रविवारी रात्री नऊपर्यंत आमचा फोन आला नाही तर शोध सुरू करा." रेंज नसल्याने मधले दोन दिवस फोन लागणार नाही, हेही त्यावर लिहा, म्हणजे घरची माणसं उगाच घाबरी होणार नाहीत. तातडीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सगळ्यांना माहीत असावेत. डोंगरातल्या अपघातांसाठी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर काम करतं. त्यांचा चालू मदतक्रमांक निघण्याआधी गटातल्या प्रत्येकाने फोनमध्ये साठवावा.

ओझं

सॅक ५० ते ६० लिटरची पुरते. भरलेल्या सॅकचं वजन आपल्या वजनाच्या पाचव्या भागाच्या वर जाऊ देऊ नये; ६० किलोच्या माणसाला १२ किलो, तेही पाण्यासकट. घरच्या वजनकाट्यावर सॅकसह उभं राहा आणि खात्री करा.

तंबू दुहेरी कापडाचा घ्या, दोन माणसांसाठी अडीच किलोच्या आत. एकेरी कापडाच्या स्वस्त तंबूत श्वासाची वाफ आत धरते आणि पहाटे अंगावर थेंब पडतात. तंबूचे भाग दोघांनी वाटून घ्यावेत: एकाकडे कापड, दुसऱ्याकडे काड्या आणि खुंट्या. एक तंबू आणि एक स्टोव्ह एकाच सॅकमध्ये कोंबणाऱ्या गटात दुपारनंतर कोणीतरी मागे पडणारच. अंगाखाली फोमची मॅट हवीच. थंडी जमिनीतून चढते आणि स्लीपिंग बॅगचा अंगाखाली दबलेला भाग ऊब देत नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान दहा अंशांच्या खाली जाऊ शकतं, त्या हिशेबाने पांघरूण निवडा.

कपड्यांत कपात करायला सगळ्यात जास्त वाव असतो. चालण्याचा एक जोड, झोपण्याचा एक कोरडा जोड, एक जाड स्वेटर किंवा फ्लीस, कानटोपी, वारा अडवणारं जॅकेट आणि मोज्यांच्या तीन जोड्या एवढं भरपूर झालं. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि लांब पँट घाला, कारवीच्या काड्या आणि काटेरी झुडपं हात-पाय ओरबाडतात. जीन्स नको, भिजली की जड होते आणि सुकत नाही. बूट नवे असतील तर निघण्याआधी महिनाभर वापरून पायाला बसवा. सोबत एक हलकी चप्पल ठेवा. मुक्कामावर पाय मोकळे करण्यासारखं सुख नाही.

भरताना सगळ्यात आधी सॅकच्या आत मोठी जाड प्लॅस्टिक पिशवी घाला, तिच्यात सगळं. तळाशी स्लीपिंग बॅग, मग पाठीला चिकटून मधल्या उंचीवर जड वस्तू म्हणजे शिधा आणि पाणी, बाहेरच्या बाजूला कपडे. हेडटॉर्च, प्रथमोपचार आणि खाऊ वरच्या कप्प्यात. बाहेर लोंबणारी मॅट, कप, बाटल्या झाडीत अडकतात, म्हणून जे काही बाहेर बांधाल ते घट्ट आवळा. कमरेचा पट्टा आधी लावा, मग खांद्याचे. भार नितंबांवर आला पाहिजे.

प्रथमोपचारात क्रेप बँडेज, जंतुनाशक, चिकटपट्ट्या, ओआरएसची पाकिटं आणि ज्याची त्याची रोजची औषधं. बायकांनी पाळीची तारीख नसली तरी पॅड सोबत ठेवावेत, आणि वापरलेले परत आणण्यासाठी गडद रंगाची झाकबंद पिशवी.

शिधा आणि चूल

पहिल्या दिवसाला घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. पुढे रात्री डाळ-तांदळाची खिचडी. माणशी ८० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम मूगडाळ घरीच मोजून, हळद-मीठ-मसाला घालून, जेवणागणिक वेगळ्या पिशवीत बांधा. पिशवीवर वार लिहा. सकाळी भाजलेल्या रव्याचा उपमा किंवा पोहे. चालताना गूळ-शेंगदाणे, खजूर, चिक्की, आणि लिंबं. मेतकूट आणि तुपाची छोटी डबी नेली तर तिसऱ्या दिवशी साधा भातही गोड लागतो. प्रत्येकाने एका जेवणाचा शिधा जास्तीचा ठेवावा आणि त्याला घरी परतेपर्यंत हात लावू नये.

लाकडं पेटवून शेकोटी करू नका. अभयारण्यात तो गुन्हा ठरू शकतो आणि वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते. गॅसचा छोटा स्टोव्ह न्या. दोघांना चार दिवस २३० ग्रॅमचं एक डबं पुरतं, जर डाळ-तांदूळ आधी अर्धा तास भिजवले आणि भांड्यावर झाकण ठेवलं तर. तंबूच्या आत स्टोव्ह कधीही पेटवू नये. आग तर आहेच, पण बंद जागेत साठणारा विषारी वायू झोपेत जीव घेतो.

अंगाची तयारी आणि गच्चीवरची रात्र

दीड-दोन महिने आधीपासून आठवड्यातून तीनदा जिने चढा-उतरा. शेवटच्या महिन्यात दर रविवारी भरलेली सॅक घेऊन डोंगर चढा: पुणेकरांना सिंहगड आहे, नाशिककरांना ब्रह्मगिरी. उतारावर जास्त लक्ष द्या. चढताना दम लागतो पण उतरताना गुडघे बोलतात, आणि तोलार खिंडीचा शेवटचा उतार थकल्या पायांनी उतरायचा आहे.

जाण्याच्या आदल्या आठवड्यात गच्चीवर तंबू लावा आणि खरोखर त्यात झोपा. एकदा अंधारात, हेडटॉर्चच्या उजेडात लावून पाहा. स्टोव्हवर खिचडी करा. खुंटी कमी आहे, झिप अडकते, मॅट पातळ आहे, हे सगळं गच्चीवर कळलेलं बरं.

वाट शोधण्याची साधनं

भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पाहायला शिका. त्यावरच्या समोच्चरेषा २० मीटरच्या अंतराने असतात. त्या जिथे चिकटून येतात तिथे कडा. फोनमध्ये नकाशा आणि मार्गाची फाइल ऑफलाइन उतरवून घ्या. रेंज नसली तरी जीपीएस चालतं, आणि फोन विमान-मोडवर ठेवला तर बॅटरी टिकते. १०,००० एमएएचची एक पॉवर बँक दोघांत पुरे.

तरीही कात्राबाई खिंडीसाठी रतनवाडीतून वाटाड्या घ्यावा असं माझं ठाम मत आहे. झाडीत ढोरवाटा इतक्या फुटतात की मळलेली वाट कोणती हे फाइलमधल्या रेघेवरून नेहमी ठरत नाही. शिवाय ही माणसं, बहुतेक महादेव कोळी समाजातली, या रानात वाढलेली. कुठल्या कपारीत आग्या मोहळ लागलंय, कुठला ओढा आटलाय, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. मोबदला त्यांच्या मागणीप्रमाणे द्या, परतीच्या चालीचाही धरून, आणि घासाघीस करू नका.

निघताना आणि पहिला दिवस

मुंबईकडून कसारा किंवा इगतपुरी, तिथून घोटीमार्गे शेंडी. पुण्याकडून संगमनेर, अकोले, राजूर करत शेंडी. पुढे जलाशयाला वळसा घालून रतनवाडी. एसटीच्या वेळा आणि जीप यांची चौकशी आधी करा. रात्रभर प्रवास करून पहाटे थेट डोंगराला भिडणं टाळा. आदल्या संध्याकाळी गावात पोहोचून नीट झोप घ्या.

सकाळी अमृतेश्वराच्या कोरीव मंदिरापासून सुरुवात होते. रतनगडाला पाणी, खाऊ, टॉर्च, प्रथमोपचार आणि वारा अडवणारं जॅकेट एवढंच घेऊन जा. वाट जंगलातून चढते, वर लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर एका वेळी एकच माणूस, दोन्ही हात मोकळे. जाताना जंगलात जिथे कात्राबाई खिंडीचा फाटा फुटतो ती जागा नीट पाहून ठेवा. उद्या याच फाट्यावरून जायचं आहे, आणि आज हलक्या अंगाने पाहिलेली खूण उद्या ओझ्याखाली वाकलेल्या मानेने ओळखता येते. गडावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, पाहून दुपारी तीनच्या आत खाली या.

तंबूची जागा निवडताना वर, खाली आणि बाजूला बघा. वर वाळकी फांदी किंवा सुटे दगड असलेला कडा नको. खाली कोरडा ओढा किंवा पाण्याची खोलगट वाट नको. दरीच्या अगदी तळाला थंड हवा साचते, तेव्हा तळापासून थोडी उंचावरची जागा ऊबदार पडते. आडवं होऊन उतार तपासा, डोकं चढाकडे करा. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट बाजूला, आणि थंडी असली तरी हवा जायची खिडकी उघडी. बूट आत घ्या, सकाळी झटकूनच घाला. उरलेलं अन्न बंद डब्यात, नाहीतर कुत्री आणि उंदीर तंबू फाडतात. शौचाला पाण्यापासून निदान दोनशे फूट लांब जा, खुरप्याने वीतभर खड्डा करा आणि बुजवा.

अंधारात चालताना टॉर्च लागतेच. फुरसं लहान असतं आणि दगड-पाचोळ्यात दिसत नाही. साप चावलाच तर दोरी आवळू नका, जखम कापू नका, चोखू नका. माणसाला शांत झोपवा, चावलेला अवयव हलू देऊ नका, अंगठ्या-कडी काढा आणि उचलून गाडीरस्त्यापर्यंत न्या, तिथून दवाखाना. गावालगतचा मुक्काम इथे वेळ वाचवतो.

पहिली रात्र सरली की सकाळी चहाबरोबर पाच मिनिटं गटाने एकत्र बसा. कोणाच्या पायाला फोड आलाय का, कोणाला झोप लागली नाही, कोणाचं काय विसरलं? जे सामान वापरलं नाही आणि सुरक्षेचंही नाही, ते गावातल्या माणसाकडे ठेवायला हरकत नाही, पण परतीचा रस्ता खिरेश्वरहून आहे हे लक्षात ठेवूनच. ज्याचा पाय दुखावला आहे त्याने इथूनच मागे फिरावं. कुमशेतहून ते अवघड जाईल.

खिंडीकडे

साडेसातपर्यंत पाठीवर सॅक चढलेली हवी. पुढे वाटाड्या, मागे शेवटचा माणूस, आणि शेवटचा माणूस कधीही बदलायचा नाही. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचं. पहिला तास मुद्दाम सावकाश चाला, बोलताना धाप लागणार नाही इतक्या गतीने. अर्ध्या तासाने एकदा थांबून पट्टे सैल-घट्ट करा, बुटात कुठे घासत असेल तर तिथेच चिकटपट्टी लावा. फोड येण्याआधीचा चुरचुरणारा लाल डाग दिसतो तेव्हाच इलाज करायचा असतो. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन घोट.

अत्तर, तीव्र वासाचे स्प्रे टाळा, आणि कड्याजवळ आरडाओरडा, धूर अजिबात नको. आग्या मधमाश्या उठल्या तर हात न झटकता, डोकं झाकून दाट झाडीत शिरा.

वाट हरवल्यासारखी वाटली तर शेवटची खात्रीची खूण जिथे दिसली होती, दगडांची लगोर किंवा बाण, तिथपर्यंत सगळ्यांनी परत जायचं. खाली गाव दिसतंय म्हणून घळीतून उतरायला जाऊ नका, सह्याद्रीतली घळ बहुतेक वेळा कड्यावर येऊन संपते.

निघण्याआधीच एक वेळ ठरवून ठेवा: दुपारी साडेबारा. तोपर्यंत खिंडीत पोहोचलात तर थोडं खा, पाणी मोजा आणि पलीकडे उतरायला लागा. माणशी एक लिटर शिल्लक असेल तर कुमशेतपर्यंत काळजी नाही. साडेबारा वाजून गेले आणि माथा अजून वरच असेल, तर परत फिरा, रतनवाडीत त्याच जागी तंबू लावा आणि खुबी फाट्याचा बेत एक दिवस पुढे ढकला. घरच्या कागदावर वेळ लिहिताना हा एक दिवस आधीच धरलेला असावा.